जमनाअम्माच्या विहिरीतले मासे

माझ्या आईला शेवटपर्यंत माझी नोकरी नीट सांगता आली नाही. कुणी विचारलं की ती म्हणायची, "सरकारात आहे. डासांकडे बघते." ऐकणारा हसायचा आणि आई मनातून रागवायची. बी.एस्सी. झालेली पोरगी, सगळ्या भावकीतली पहिली ग्रॅज्युएट, ती काय उगाच डासांकडे बघेल?

वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात माल भरायच्या खात्यात होते. मी प्राणिशास्त्र घेऊन पास झाले तेव्हा त्यांनी सगळ्या खात्यात पेढे वाटले आणि पोरगी आता डॉक्टरच्या जवळपास काहीतरी होणार असं सांगून टाकलं. मी मलेरियाच्या कामावर लागले. माझ्या हुद्द्याचं नाव इंग्रजीत बरं वाटायचं. मराठीत सांगितलं की आलेली स्थळं चहा पिऊन परत जायची. एका मुलाच्या आईने विचारलं, "डास हाताने पकडता का हो?" मी खरं ते सांगितलं, "नाही, तोंडाने." एक वाकवलेली काचेची नळी असते, तिच्या मधे जाळी असते. भिंतीवर बसलेल्या डासावर नळीचं तोंड धरायचं आणि दुसरीकडून ओढायचं, की डास नळीत येतो. जाळीमुळे तोंडात जात नाही. हे सगळं मी समजावून सांगितलं, पण तोवर त्या बाईंचा चेहरा बदललेला होता. पुढे ज्यांच्याशी माझं लग्न झालं, त्यांनी पहिल्याच भेटीत ती नळी बघायला मागितली. म्हणून मी हो म्हटलं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला दिसतं धुराचं. गाडी येते, धूर सोडते, पोरं मागे धावतात. पण धूर म्हणजे शेवटचा उपाय. खरं काम पाण्यापाशी असतं. टाक्या, पिंपं, विहिरी, कूलर, गच्चीवरचे टायर. लांब दांड्याचं एक पांढरं ओगराळं पाण्यात बुडवायचं आणि उजेडात धरायचं. अळी डोकं खाली करून तिरकी लोंबकळत असेल तर तो घाण पाण्यातला साधा डास. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असेल तर जीव दचकतो, कारण ती मलेरियाच्या डासाची, आणि तिला स्वच्छ पाणी लागतं. उल्हासनगर-अंबरनाथकडे पाणी एक दिवसाआड यायचं, कधी दोन दिवसांनी. माणसं बिचारी साठवणार नाहीत तर काय करतील? जितकी बाई टापटिपीची, तितकी तिची टाकी स्वच्छ आणि तितकी ती आमच्या कामाची. हे कुणाला पटायचं नाही. "आमच्याकडे घाण नाही, गटारात जाऊन बघा," असं मला हजारदा ऐकवलं गेलं असेल.

या कामात आमची एक बिनपगारी सहकारी होती. थंडी. डास रोग्याला चावला म्हणजे लगेच रोग पसरत नाही. जंतू आधी डासाच्या पोटात पिकावा लागतो आणि त्याला ऊब लागते. गारठा असला की तो पिकायच्या आतच डास म्हातारा होऊन मरतो. दिवाळी झाली, रात्री गोधड्या निघाल्या की आमच्या तापाच्या पेशंटांची रांग आपोआप बारीक व्हायची. माझ्याबरोबर पंप घेऊन फिरणारे सोनवणेकाका तर पौष महिन्याला 'आमचं माहेरपण' म्हणायचे. त्या महिन्यात आम्ही पंपांची दुरुस्ती करायचो, उन्हाला पाठ देऊन बसायचो, आणि काका घरून हुरड्याची चटणी आणायचे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा एक पौष असा आला, की हे माहेरपण झालंच नाही. स्वेटर ट्रंकेतून निघाला नाही. आभाळ ढगाळ, हवा दमट. एका सालावरून काही ठरत नाही, हे प्राणिशास्त्र शिकलेल्या बाईला कळतं. तेव्हा आम्हीही 'यंदा थंडीने दांडी मारली' एवढंच म्हटलं. पुढे ती वरचेवर दांड्या मारायला लागली, ते वेगळं. पण मला पहिली आठवण त्या सालाची आहे, कारण त्याच साली मला जमनाअम्मा भेटली.

उल्हासनगरच्या एका कॅम्पात लष्करी बराकींची एक ओळ होती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना राहायला दिलेल्या त्या बराकी. तिथल्या एका घरातून तापाची चिठ्ठी आली होती. सून कंचन, तिसरा महिना, थंडी वाजून ताप. मी बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. कंचन माझ्याच वयाची. हात पुढे करून मान दुसरीकडे वळवून बसलेली. तिच्या मागे उभी असलेली सासू म्हणजे जमनाअम्मा. उंच, हाडं मोठी, पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, आणि हाताला कायम उडदाच्या पिठाचा वास. घरात पापडांचा धंदा होता. बाहेर खाटांवर धोतरं अंथरून पापड वाळत घातलेले आणि अम्मा दर थोड्या वेळाने जाऊन एकेक पापड गालाला लावून बघत होती.

"सूखते ही नहीं," ती म्हणाली. "पौषात कधी असं बघितलंय? चामड्यासारखे झालेत. काल एक अख्खी खाट फेकली, बुरशी आली." मग माझ्याकडे वळून, "रिपोट में क्या आएगा, बेटा? मलेरिया?"

"आल्यावर सांगते, अम्मा."

"मागच्या वेळीही मलेरियाच होता." कंचन उठून आत गेली. मग अम्माने हळूच सांगितलं, की मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात ताप आला आणि पोटातलं मूल गेलं.

रिपोर्ट आला तो मलेरियाचाच. हा जो जंतू होता त्याची एक वाईट खोड असते. रक्तातला मारला तरी त्याची भावंडं यकृतात लपून बसतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा बाहेर येतात. त्यांना मारणारी गोळी वेगळी असते आणि ती गरोदर बाईला देता येत नाही. म्हणजे कंचनला बाळंत होईपर्यंत सांभाळायचं होतं. दर आठवड्याला कडू गोळ्या आणि मुख्य म्हणजे नवा डास चावू द्यायचा नाही.

मग डास कुठून येतो ते शोधणं आलं. ते शोधायला वेळ लागला नाही. बराकीच्या मागे विटांनी बांधलेली एक जुनी विहीर होती. पाणी काचेसारखं. ओगराळं बुडवलं आणि उजेडात धरलं, तर तांदळाचे दाणे, साखरेचे न विरघळलेले कण आणि त्यांच्यामधून आडव्या पडलेल्या अळ्या.

"अम्मा, विहिरीत तांदूळ कोण टाकतं?"

"मैं. और कौन?"

तेव्हा मला अखो म्हणजे काय ते कळलं. पाण्याचा देव झूलेलाल. त्याला मूठभर तांदूळ, थोडी साखर वाहायची आणि ओढणीचा पदर पाण्यापुढे पसरून मागायचं, त्याला पल्लव म्हणतात. पूर्वी ही मंडळी वालधुनी नदीवर जायची. पण आता नदीला रंग कुठल्या कारखान्याने दिलाय ते सकाळी बघून सांगता यायचं. "देवाला त्या पाण्यात उभा करू?" अम्मा म्हणाली. म्हणून ती रोज पहाटे या विहिरीपाशी येऊन मागत होती. काय मागत होती ते सांगायची गरज नव्हती. आणि जिथून ती नातवंड मागत होती, त्याच पाण्यातून डास उडून कंचनच्या खाटेपर्यंत येत होता.

हे मी तिला सांगितलं. प्रामाणिकपणे, ओगराळ्यातल्या अळ्या दाखवून. तिने ओगराळं स्वतः हातात घेऊन बघितलं. मग म्हणाली, "तू झूठ नहीं बोलती, दिखता है. पण दवा मी टाकू देणार नाही. देवाच्या पाण्यात जहर नाही."

"मग वर स्लॅब टाकू. आमच्या साहेबांचा तसा हुकूमच आहे, औषध नाहीतर स्लॅब."

"पाण्याला आभाळ दिसलं पाहिजे."

"अम्मा, कंचनचं काय?"

यावर ती पुन्हा पापड गालाला लावायला गेली. सोनवणेकाका मला हळूच म्हणाले, "मॅडम, हिला पटवायचं तर देवालाच मध्यस्थ घालावं लागेल."

काका चेष्टेत बोलले, पण मला घरी जाताना त्या घरातली तसबीर आठवली. कमळावर बसलेला पांढऱ्या दाढीचा देव, आणि कमळाच्या खाली, पाण्यात, मासा. झूलेलालचं वाहन मासा. आणि आमच्या ऑफिसच्या मागच्या सिमेंटच्या हौदात काय होतं? गप्पी मासे. अळ्या खायला पाळलेले.

दुसऱ्या दिवशी मी आणि काका दुधाच्या किटलीत गप्पी घेऊन रिक्षाने निघालो. रिक्षावाला तीनदा म्हणाला, "बाई, दूध हिंदकळतंय," आणि काका तीनदा म्हणाले, "चालव तू, दुधाला पोहता येतं." अम्मा दारातच भेटली. मी किटलीचं झाकण उघडलं आणि म्हटलं, "औषध नाही आणलं. हे आणलेत."

तिने आत बघितलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त ओढणी डोक्यावर सारखी केली आणि आत हाक मारली, "कंचन, थाली ले आ." किटली ताटात ठेवून विहिरीपर्यंत नेली, वाजतगाजतच म्हणायचं, कारण शेजारच्या दोन बायका काही न विचारता टाळ्या वाजवत मागे आल्या. मासे पाण्यात सोडले. अम्माने तांदूळ वाहिले. मी म्हटलं, "अम्मा, आता तांदूळ एक चिमूटच. जास्त झाले तर कुजतात आणि मासे जेवून घेतात, मग अळ्या कोण खाणार?"

"देवाला डायटिंग करायला लावतेस," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून चिमूटच वाहायची. ती मला धीअ म्हणायला लागली. धीअ म्हणजे मुलगी. मी गेले की कंचन लोला घेऊन यायची, ती जाड गोड पोळी, आणि आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसून तिच्या पोटाविषयी, माझ्या सासूविषयी, पापडांच्या भावाविषयी बोलायचो. ओगराळ्यात अळी दिसेनाशी झाली. साहेबांना मी सांगितलं, स्लॅबची गरज नाही. ते म्हणाले, "लक्ष ठेवा." चांगला माणूस होता, फक्त घाईत असायचा.

मग मार्च आला आणि मे महिन्याचं ऊन घेऊन आला. पाणी आणखी कमी झालं, जिथून मिळेल तिथून लोक प्यायला लागले, आणि कॅम्पात जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली. साथ आली की विहिरींत जंतुनाशक पावडर टाकतात. पावडर टाकणारी माणसं आमच्याच खात्याची, फक्त खोली वेगळी. आम्ही तळमजल्यावर, ते वर. जिन्यात भेटलो तर नमस्कार करायचो. आमच्या विहिरीत मासे आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते येणार हे आम्हाला. सकाळी येऊन त्यांनी ठरलेल्या मापाने पावडर ओतली आणि पुढच्या विहिरीकडे गेले. अम्मा तेव्हा पापड द्यायला बाजारात गेलेली होती.

मी पोहोचले तेव्हा ती विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती. पाण्यावर गप्पी उलटे तरंगत होते. चिमूटभर तांदूळ सांडावेत तसे.

"त्याने परत घेतले," ती म्हणाली.

"अम्मा, देवाने नाही. आमच्या ऑफिसने मारले." मी सगळं सांगितलं, वरची खोली, खालची खोली, पावडर.

तिने माझ्याकडे बघितलं. "एक ही ऑफिस?"

"हो."

"आपस में बात नहीं करते?"

"करतो. पण माशांविषयी नाही केली."

एरवी ती यावर हसली असती. त्या दिवशी नाही हसली, कारण आदल्या संध्याकाळपासून कंचनला पुन्हा हुडहुडी भरली होती. आत तीन गोधड्यांखाली ती थरथरत होती आणि दातावर दात वाजत होते. सहावा महिना लागला होता. मी रक्त घेतलं. तेच होतं. यकृतातलं जुनं की नवा डास, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मी अम्माला तसं म्हटलं, की हा ताप विहिरीचाच असं नाही.

"विहिरीचा नाही असंही नाही ना?"

मी काचपट्टी डब्यात ठेवली.

"स्लॅब टाक," अम्मा म्हणाली. आवाज साधा होता. "गवंडी कधी येईल? उद्या येऊ दे. मला पाणी नको, देव नको, मला कंचन पाहिजे. पोर पाहिजे. मैं घर में लोटे के सामने पल्लव डालूंगी." मग म्हणाली, "चेटीचंडला झूलेलाल म्हणेल, जमनाने दार बंद केलं. म्हणू दे."

चेटीचंड म्हणजे झूलेलालचा जन्मदिवस. पाडव्याच्या आसपास येतो. तो तोंडावर आला होता.

खरं म्हणजे मी खूश व्हायला हवं होतं. ज्यासाठी एवढी रदबदली केली ते ती स्वतःहून देत होती. पण दोन गोष्टी मला टोचत होत्या. एक धंद्याची. स्लॅबला बादलीसाठी झडप ठेवावी लागते, झडप वाकते, फट राहते, आणि डासाला फट पुरते. आत अंधार, शांत पाणी, वर कुणाचं लक्ष नाही. झाकलेल्या विहिरी मी खूप बघितल्या होत्या. दुसरी गोष्ट धंद्याची नव्हती. कंचनला मी आत बघायला गेले तेव्हा ती तापातच म्हणाली, "दीदी, अम्मा को कुआँ बंद मत करने दो. फिर वो मेरे लिए किससे माँगेगी?"

साहेबांना म्हटलं, गवंडी चेटीचंडनंतर पाठवा. ते म्हणाले, "तोवर डास थांबणार आहेत का?" मी म्हटलं, पावडरीच्या पाण्यात अळीही जगत नाही, तेवढी सवलत आहे. ते हसले. मिळाली सवलत. कंचनच्या खाटेला काकांनी स्वतः मच्छरदाणी बांधून दिली.

आता नवे मासे शोधणं आलं. आमच्या ऑफिसच्या हौदात गेले तर पाणी घोटाभर, चहासारखं गरम, आणि गप्पी संपलेले. त्या उन्हाने त्यांचंही काम तमाम केलं होतं. काका म्हणाले, "माझी एक मानलेली बहीण वांगणीकडे असते. तिच्या शेताखाली व्हाळ आहे. तिथले मासे अळ्या खातात का ते तुम्ही बघून सांगा, शिकलेल्या आहात."

म्हणून रविवारी आम्ही वांगणीला उतरलो. काकांची बहीण म्हणजे भागीआय. गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळावर गोंदण, आणि बोलणं सरळ.

"काय रं, आज कशी वाट चुकलास?" तिने काकांना विचारलं. मग माझ्याकडे बघून, "आन ही कनची?"

"आमच्या मॅडम. मासे पायजेत त्यांना."

"खायाला?"

"देवाला," काका म्हणाले.

भागीआयला यात काही वावगं वाटलं नाही. ती पुढे, आम्ही मागे. व्हाळ म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. पण आम्ही चाललो ते दगडांवरून. पाण्याचा पत्ता नव्हता. "पयले पाऊस येईस्तवर पानी ऱ्हायचा," ती चालता चालता सांगत होती. "या टायमाला पोरा डुंबायची हितं. आता होली झाली का व्हाळ आटतो. यंदा तं शिमग्याच्या आधीच. म्हशींना कुठं न्यावा?" शेवटी एका वाकणावर, उंबराच्या मुळांखाली, एक डोह राहिला होता. दोन खाटा मावतील एवढा. सगळ्या ओढ्यातला जीव त्या सावलीत गोळा झालेला.

मी ओगराळं बरोबर घेतलं होतं. डोहाच्या काठाला, वरच्या पाण्यात, बोटाच्या पेरांएवढे मासे स्थिर उभे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर मधोमध चांदीचा एक ठिपका. मी ऑफिसातून बाटलीत भरून आणलेल्या अळ्या पाण्यात सोडल्या. ठिपका हलला, अळी गेली. दुसरा ठिपका, दुसरी अळी. मी कॉलेजात या माशाचं चित्र काढलं होतं आणि मार्क घेतले होते, पण त्याला जेवताना पहिल्यांदा बघत होते.

भागीआयनेच लुगड्याच्या पदराने ते धरले. फार नाही. "बाकीचं ऱ्हाऊ दे गो," ती म्हणाली. "पावसाला व्हाळ भरला का त्यांनाच पुन्हा वर जायाचा हाय."

चेटीचंडच्या सकाळी, पावडरीचा जोर उन्हात उडून गेल्यावर, आदल्या दिवशी एक मासा सोडून दिवसभर तो जगतो हे बघून मग, आम्ही बाकीचे विहिरीत सोडले. अम्माला मी आधी काही सांगितलं नव्हतं. ती मच्छरदाणीतून कंचनला हाताला धरून घेऊन आली. ताप उतरला होता, पण पाय कापत होते. अम्मा वाकून बघत राहिली. पाण्यात काळ्या अंगावर ते चांदीचे ठिपके इकडून तिकडे सरकत होते.

"कंचन," ती म्हणाली, "देख तो. टिकली लगा के आए हैं."

मग ओढणीचा पदर पसरून ती मागायला लागली. सिंधी मला येत नाही. पण त्यात 'कंचन' दोनदा आलं, आणि एकदा 'आफिस' आलं. मी विचारलं, "ऑफिससाठी काय मागितलं?"

"कि आपस में बात करें."

ओगराळ्यात पुन्हा अळी दिसेना, तसा स्लॅबचा गवंडी रद्द झाला. वरच्या खोलीतल्या साहेबांकडे मी स्वतः गेले आणि मासे असलेल्या विहिरींच्या कठड्यावर पांढरा मासा रंगवायचा असं ठरवून आले. ज्या विहिरीवर मासा, तिथे पावडर टाकायच्या आधी आम्हाला विचारायचं. तो पहिला मासा सोनवणेकाकांनी चुन्याने काढला. कंचन म्हणाली, बदक दिसतंय. तसंच राहिलं ते. पुढे आमच्या भागात जिथे जिथे ही खूण झाली, तिथे सगळीकडे बदकच निघालं, कारण सगळ्यांनी काकांचं बघून काढलं.

कंचनला नंतर ताप आला नाही. पाऊस लागायच्या थोडं आधी ती बाळंत झाली. मुलगी. अडीच किलोच्या आतली, पण आवाज अख्ख्या बराकीला पुरणारा. अम्माने मला बोलावून पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पापड से भी हल्की है. सँभाल के." नाव ठेवलं सिमरन.

माझ्या नोकरीची पुढची वर्षं मी इथे सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की थंडीवरचा आमचा भरवसा गेला तो गेलाच. डिसेंबरात ताप, जानेवारीत ताप. गच्चीगच्चीवर बांधकामं, बांधकामांवर पाणी. पौषातली हुरड्याची चटणी काका निवृत्त झाले त्यांच्याबरोबर गेली. पापडवाल्यांनी एकेक करून पंख्याच्या खोल्या केल्या, वाळवायला विजेचं बिल भरायला लागले. ज्यांना ते झेपलं नाही त्यांनी धंदा बंद करून जीन्स शिवायला घेतल्या. वर्षभर वणवण करून आम्ही जे कमवायचो, ते एक उबदार पौष घेऊन जायचा. आम्ही काही थोडे नव्हतो, पण त्याच्याशी ओगराळ्याने लढता येत नव्हतं. त्याची खंत आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जमनाअम्मा आदल्या वर्षी गेली होती. शेवटपर्यंत पहाटे विहिरीवर जात होती. एके दिवशी ऑफिसात कंचन आली, बरोबर सिमरन, शाळेच्या गणवेशात, आणि सिमरनच्या दोन्ही हातांत दुधाची किटली. जानेवारी होता आणि मुलीच्या अंगावर स्वेटर नव्हता.

"दीदी, बराक पाडतायत," कंचन म्हणाली. "तिथे बिल्डिंग येणार. विहीर बुजवणार."

सिमरनने झाकण उघडलं. चांदीचे ठिपके.

"दादी बोली थी," सिमरन म्हणाली, "मेहमान हैं, इनको इनके गाँव छोड़ के आना."

मी रजा टाकली. आम्ही तिघी वांगणीला गेलो. स्टेशनबाहेर चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि व्हाळाच्या वरच्या अंगाला कुणाचं तरी शनिवार-रविवारचं फार्महाऊस, त्यात बोअरवेल. भागीआय ओट्यावर बसलेली होती. पाठीत वाकली होती, नजर मंद झाली होती, पण मला आवाजावरून ओळखलं.

"मासंवाली ना गो तू?"

डोहापर्यंत ती काठी टेकत आली. पाणी होतं, उंबराच्या मुळांना लागून, पूर्वीच्या निम्मं. मी काठाला बसून बराच वेळ बघितलं. एकही ठिपका नाही.

"नाय दिसायचं," भागीआय म्हणाली. "तीन साल झालं. एका उन्हाल्यात डोहपन सुकला. ठार. भेगा पडल्या. तवापासना तो मासा ह्या व्हाळात नाय. वर नाय, खाली नाय. मी लय बघला."

सिमरनने किटली तिच्यापुढे धरली. म्हातारीने डोळे अगदी पाण्याला लावले. मग आत बोट घातलं आणि एका माशाला बोटाने हळूच उजेडाकडे वळवलं.

"ही तं आपली," ती म्हणाली. "अगो, ही आपलीच हायेत. कुठं व्हती?"

"आमच्या घरी," सिमरनने सांगितलं. मराठीत.

मासे सोडले. ते थोडा वेळ किटलीच्या आकारातच गोळा होऊन राहिले, मग मुळांच्या सावलीत गेले. सिमरनने दप्तरातून कागदाची पुडी काढली. तांदूळ, साखर. एक चिमूट घेऊन पाण्यावर सोडली आणि गणवेशाच्या फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पुढे पसरून उभी राहिली.

"काय मागते ही?" भागीआयने मला विचारलं.

मी सिमरनला विचारलं. तिने डोळे न उघडताच सांगितलं, "कि यहाँ पानी रहे."

म्हातारीने काठी खाली ठेवली. मग लुगड्याचा पदर सोडवला आणि तिच्या शेजारी, तसाच, पाण्यापुढे धरला.